फीडर चालू होता

उखर्डूच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा आजीने त्याला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीने तिथून उचलून घरी आणलं. टाकून दिलेलं पोर देव नेत नाही, अशी समजूत. उकिरड्यावरून नाव पडलं उखर्डू. पारोळा तालुक्यातल्या त्यांच्या गावात या नावाची आणखी दोन-चार माणसं सापडतील. नाव लागू पडलं म्हणायचं, कारण उखर्डू जगला.

बाप पारोळ्याच्या बाजार समितीत हमाल होता. उखर्डूही अंगाने दणकट निघाला. आधी जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ओढल्या, मग धुळ्याकडे तापीच्या काठावर एका खासगी कंपनीचं औष्णिक वीज केंद्र उभं राहायला लागलं तसा तिकडे माती वाहायला गेला. धुरांडं त्याच्या डोळ्यांदेखत वर चढत गेलं. बांधकाम संपल्यावर बहुतेक मजूर पांगले, उखर्डू मात्र ठेकेदाराच्या हाताखाली कोळशाच्या कामावर राहिला. फाट्यावर पत्र्याची खोली घेतली, बायकोला, कोकिळाला, आणलं. गेटपास गळ्यात अडकवून तो कामावर निघाला की कोकिळा दारातून बघत राहायची. गावाकडचे लोक त्याला 'कंपनीवाला' म्हणायला लागले होते. तो कंपनीचा नव्हता, ठेकेदाराचा होता. पण गावाला कोण समजावत बसणार?

त्याचं काम बंकरवरचं. रेल्वेच्या वाघिणींतून उतरलेला कोळसा लांबच लांब पट्ट्यांवरून वर चढतो आणि बंकरमध्ये पडतो. बंकर म्हणजे तीन-चार मजले उंचीची पोलादी कोठी, वर रुंद, खाली निमुळती. तळाशी फीडर. जात्यात घास घालावा तसा तो खालच्या गिरणीत कोळसा सोडत राहतो. गिरणीत त्याचं पीठ होतं, पीठ भट्टीत जातं, आणि पुढे वीज. उन्हाळ्यात कोळसा ज्वारीसारखा आपसूक घसरतो. पावसाळ्यात मात्र त्याचा चिखल होतो, तो कोठीच्या भिंतींना थापल्यासारखा चिकटतो, आणि मधोमध नुसतं एक भोक पडून राहतं. वरून बघावं तर कोठी भरलेली, आणि खाली गिरणी उपाशी. अशा वेळी बाहेरून घणाचे ठोके घालायचे, वरून लांब पहारींनी कोळसा कोचायचा, ही उखर्डूच्या टोळीची मजुरी. घरी आला की कानात घण वाजत असायचे. कोकिळाने काही विचारलं तर तो दोनदा "काय?" म्हणायचा.

अभिमनला या कामावर त्यानेच आणलं. अभिमन त्याच्या शेजारच्या घरातला, प्रेमराज नानांचा एकुलता एक. उखर्डूपेक्षा बराच धाकटा. लहानपणी उखर्डूच्या मागेमागे हिंडायचा. उखर्डू विहिरीत उडी मारी तेव्हा हा काठावर त्याचे कपडे धरून बसे. उखर्डू म्हणाला "आते मार", की मगच मारी. मोठा झाल्यावरही तसाच राहिला. लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव पुनम ठेवलं, आणि एक दिवस तो उखर्डूला म्हणाला, "भाऊ, तुना आठे माले काही शे का?" उखर्डूने हितेंद्रच्या कानावर घातलं. हितेंद्र म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर, जळगावचा, वागायला वाईट नव्हता. अभिमन लागला. बायकोला, दिपमालाला, आणि पुनमला घेऊन तो फाट्यावर उखर्डूच्याच रांगेत राहायला आला.

काम शिकायला त्याला वेळ लागला नाही, पण धाडस म्हणून कधी केलं नाही त्याने. पट्ट्याच्या जवळून जाताना शर्टाच्या बाह्या दुमडून घ्यायचा. टोळीतले हसायचे, "अभिमन, नवरदेव शे का तू?" तोही हसायचा आणि बाह्या दुमडायचा.

त्या वर्षी भादव्यात पाऊस हटेना. खाणींत पाणी भरल्याच्या बातम्या चहाच्या टपरीवर वाचल्या जायच्या. कोळशाच्या रेका, म्हणजे मालगाड्या, आधी उशिरा यायला लागल्या, मग दिवसाआड यायला लागल्या. केंद्राच्या यार्डात कोळशाचा डोंगर असायचा. उखर्डूने तो इतकी वर्षं बघितला होता की त्याच्यामागे गाव आहे हे तो विसरूनच गेला होता. आता डोंगर उतरत उतरत सपाट झाला आणि पलीकडच्या गावातली घरं दिसायला लागली. बुलडोझर तळ खरवडायला लागले. तळाशी काय असतं? माती, दगड, वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसून राख झालेला कोळसा. तेही पट्ट्यावर चढवलं. आणि जी एखादी रेक येई, तिच्यातला ओलाकिच्च कोळसा वाळवायला, मिसळायला सवडच नव्हती. वाघिणीतून थेट बंकरमध्ये. कोठ्या रोज तुंबायच्या. एक मोकळी करावी तर दुसरी तुंबलेली.

"वरून फोन आहे," हितेंद्र सारखा म्हणायचा. "लोड कमी होता कामा नये. सगळ्या राज्यात वीज कमी आहे. आपले वीजनिर्मितीचे संच थांबले तर बघायलाच नको."

त्या दिवसांत उखर्डूच्या गावी रोज दुपारी वीज जायची. नाना फोनवर अभिमनला विचारायचे, "तुम्ही तठे काय करतस रे मंग?" अभिमन म्हणायचा, "कोयसाच नही, नाना. चिखल भट्टीमा टाकी ऱ्हायनूत आम्ही."

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. बंकरच्या वरच्या मजल्यावर जाळीदार फरशी असते, तिच्यातून खाली बघता येतं. मधल्या कोठीत भिंतीला थापलेला कोळसा हटत नव्हता. बाहेरून घण घालून झाले. वरून पहारी पुरेनात. खाली फीडर मधल्या भोकातून येईल तेवढं चिमूट चिमूट ओढत होता.

हितेंद्र जिना चढून वर आला. घामेजला होता, फोन कानाला होता. फोन ठेवून म्हणाला, "एकाने आत उतरून मारावं लागेल. दुसरा इलाज नाही."

कायदा सगळ्यांना पाठ होता. आत माणूस उतरवायचा तर आधी खालचा फीडर बंद, झडप बंद, अंगात सेफ्टी बेल्ट. फीडर बंद म्हणजे ती गिरणी बंद, आणि गिरणी बंद म्हणजे वीज कमी.

उखर्डूने विचारलं, "फीडर बंद शे का, साहेब?"

"सांगतो मी खाली," हितेंद्र म्हणाला. "तुम्ही उतरा, तोवर होतो बंद. दहा मिनिटांचं काम आहे. संच ट्रिप झाला तर उद्या तुम्ही पण घरी आणि मी पण."

टोळीत अंगाने हलका अभिमन. हितेंद्रने त्याच्याकडे बघितलं. अभिमनने उखर्डूकडे बघितलं.

उखर्डू हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. त्याने कोपऱ्यातला दोर उचलला आणि झटकला. बेल्ट होता, पण त्याची कडी तुटलेली होती, नवी मागवून महिना झाला होता. त्याने दोराचा फास अभिमनच्या काखेतून घेऊन छातीवर बांधला आणि दुसरं टोक आपल्या कमरेला गुंडाळलं. अभिमनने बाह्या दुमडल्या. म्हणाला, "भाऊ, दोर नीट धरजो."

शिडीने तो उतरला आणि भिंतीला चिकटलेल्या कोळशाच्या काठावर पाय रोवून पहार घालायला लागला. आधी ढेकळं पडली. मग मोठे तुकडे. खालून फीडरची घरघर येत होती. उखर्डूला ती ऐकू आली. इतक्या वर्षांत घणांनी कान गेले होते, पण ती घरघर त्याला पायांतून कळायची. त्याने मागे वळून हितेंद्रकडे बघितलं. हितेंद्र पुन्हा फोनवर होता.

मग तो काठच सुटला. आवाज मोठा झाला नाही, ओलं वाळूचं पोतं पडावं तसा झाला. दोर उखर्डूच्या हातांतून सपकन गेला, तळव्यांची सालं घेऊन गेला, कमरेपाशी ताठ झाला आणि तो जाळीवर आपटून फरफटत गेला. कठड्याला पाय लावून त्याने ओढलं. टोळीतल्यांनी ओढलं. दोर हलला नाही. खाली काळं आणि सपाट होतं, तिथे माणूस होता असं वाटतच नव्हतं.

"फीडर बंद करा!" कुणीतरी ओरडत होतं. नंतर उखर्डूला कळलं की तो स्वतःच ओरडत होता.

तेव्हा फीडर बंद झाला. मागाहून संचही थांबवला. कोठी बाजूने कापून, फावड्यांनी कोळसा काढून अभिमनला बाहेर काढेपर्यंत दुपार उलटली. नाकातोंडात कोळसा गच्च भरला होता. बाह्या दुमडलेल्याच होत्या.

दिपमालाला सांगायला कोकिळा गेली. उखर्डूच्याने उठवेना. कोकिळाने नंतर त्याच्यासमोर बसून म्हटलं, "हात दखाडा." त्याने दाखवले. तिने हळद भरली आणि फडकं बांधलं.

अंत्यसंस्कार गावी झाले. नाना रडले नाहीत. आलेल्यांना बसा म्हणायचे, पाणी घ्या म्हणायचे. चितेवर तुपाची धार सोडताना त्यांचा हात नेमका होता. फक्त घरी परतताना ते नदीकडच्या वाटेला लागले आणि उखर्डूने त्यांना दंडाला धरून वळवलं.

दहाव्याचं पिंडदान उरकलं आणि उखर्डू फाट्यावर परतला. ठेकेदार अजून कामावर घेत नव्हता. 'चौकशी होऊ दे,' म्हणाला. सरकारी चौकशी अधिकारी येणार होत्या. उखर्डूने मनात ठरवलं होतं काय सांगायचं ते. फीडर चालू होता. कडी तुटलेली होती. हितेंद्रने उतरवलं.

तेरावं उरकून दिपमालाही खोलीवर परतली, आणि एका संध्याकाळी उखर्डूकडे आली. दारात बसली. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. कोकिळाने चहा ठेवला.

"ठेकेदारना मानूस वना व्हता," ती म्हणाली. "तो म्हनस, तुना मालक सोताच उतरना आसं ठरनं तं केस लवकर मिटी जाई. माले कामवर लेतीन, खोलीबी ऱ्हाई. भांडानं म्हनसी तं भांड, मंग कोरट दखी ली."

उखर्डूला आधी समजलंच नाही. मग समजलं. "पन तो सोता नही उतरना," तो म्हणाला. "त्याले हितेंद्रनी उतारं. मी तठेच व्हतू."

"माले ठाऊक शे."

"मंग दोष अभिमनना माथे येई, पोरी."

"येवू द्या." तिचा आवाज जराही चढला नाही. "मरेल मानूसले दोष लागत नही, भाऊ. जित्तास्ले पोट लागस. कोरटनी वाट दखता दखता मनी पुनम कोनाबी बांधवर निंदाले जाई. तुम्ही सांगा, तो सोताच उतरना म्हनीसन. आनि नानाले यातलं काही सांगू नका."

चहा तसाच राहिला. ती गेल्यावर कोकिळा म्हणाली, "ती बाईनं आयका. तिना संसार शे." उखर्डूने मान हलवली. पण रात्र न् दिवस त्याला एकच गोष्ट खात राहिली. खोटं बोललं तर दिपमालाचं काम टिकणार होतं, हे खरं. आणि उखर्डूचा गेटपासही टिकणार होता, हेही तितकंच खरं होतं. त्यातलं किती तिच्यासाठी आणि किती आपल्यासाठी, हे त्याला वेगळं करता येईना.

चौकशी अधिकारी तरुण होत्या. ऑफिसच्या खोलीत टेबलापलीकडे बसल्या होत्या. हितेंद्र बाहेर बाकावर होता.

"बसा, उखर्डूभाऊ. घाबरू नका. त्या वेळी फीडर चालू होता का?"

"माहीत नाही, बाई. वर ऐकू येत नाही."

"अभिमन यांना आत उतरायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तो स्वतःच उतरला."

बाईंनी त्याच्या फडकं बांधलेल्या हातांकडे बघितलं. "नक्की?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथेच होतात. तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

इथे थांबता आलं असतं. दिपमालाने मागितलं होतं तेवढं देऊन झालं होतं. पण त्या बाईंची नजर त्याला सोसेना, आणि तोंडातून गेलं, "मी नको म्हणत होतो. त्याने ऐकलं नाही."

हे वाक्य त्याच्याकडे कुणीच मागितलेलं नव्हतं. बाहेर आला तेव्हा हितेंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उखर्डूने तो झटकला नाही.

केस मिटली. दिपमाला कामावर लागली, पट्ट्यावरून वाहणाऱ्या कोळशातले दगड वेचायच्या जागेवर. बायकांची रांग दोन्ही बाजूंना उभी असते, पट्टा मधून धावतो, कोळशात दगड दिसला की झडप घालून उचलायचा. उखर्डूही पुन्हा आपल्या बंकरवर गेला. येता-जाता ती दिसायची, तोंडाला फडकं बांधलेली, नुसते डोळे. ती मान हलवायची. तोही हलवायचा.

'मी नको म्हणत होतो' हे वाक्य मात्र गेटबाहेर पडून गावात पोहोचलं होतं. दिवाळीच्या आधी एक दिवस नाना एसटीने फाट्यावर आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. आधी सुनेच्या खोलीवर गेले, नातीला पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू दिले, मग उखर्डूच्या दाराशी येऊन उभे राहिले. दिपमाला मागोमाग आली.

"आत या ना, नाना."

"नही. एक इचारानं शे." ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "तुनी त्याले सांगं व्हतं का, जाऊ नको म्हनीसन?"

उखर्डूने नानांच्या खांद्यावरून दिपमालाकडे बघितलं. तिने पदर तोंडाशी धरला होता. तिच्या मागे पुनम लाडू खात उभी होती.

"हा, नाना," उखर्डू म्हणाला.

नाना त्याच्याकडे बघत राहिले. "धाकलपनपाईन तुनं बठ्ठं आयके तो," ते म्हणाले. "इहिरमा उडी मारानी तं तुनाकडे दखे. त्याच दिनले कसं नही आयकं त्यानी?"

उत्तराला नाना थांबले नाहीत. वळले आणि थांब्यावर जाऊन एसटीची वाट बघत बसले. कोकिळा पाणी घेऊन गेली तर "तहान नही" म्हणाले.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात त्या दिवशी घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर भरतात, आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर घास वाहतात, आणि कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. उखर्डू सणाला गावी गेला होता. शेजारच्या घरातून पुरणपोळीचा, आंब्याच्या रसाचा वास येत होता. अभिमनची ती पहिलीच घागर. गावात सगळ्यांना वाटलं होतं की पितर म्हणून उखर्डूलाच बोलावतील. नानांनी खालच्या आळीतल्या एका दूरच्या पुतण्याला बोलावलं. उखर्डू ओट्यावर बसून होता. पुतण्या जेवून, हात पुसत बाहेर आला, तेव्हा तो उठून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. कोकिळाने त्याला जेवायला उठवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यातही कोळशाची ओरड झाली. तोच चिखल, तीच खरवड, तेच वरचे फोन. टोळीत अमृत नावाचा एक नवा गडी आला होता, शिरपूरकडचा, दोन लेकरांचा बाप. श्रावणात एका सकाळी मधली कोठी तुंबली. हितेंद्र जिना चढून वर आला. यंदा त्याच्या डोक्यावर नवं हेल्मेट होतं, बेल्टलाही नवी कडी होती. गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर ठेकेदाराने तेवढं केलं होतं.

"अमृत, बेल्ट घाल. दहा मिनिटांचं काम आहे."

अमृत बेल्ट घालायला लागला. उखर्डूच्या पायांना खालची घरघर कळत होती. तो जाऊन शिडीच्या तोंडावर बसला. जाळीवर, पाय पसरून.

"काय रे? ऊठ," हितेंद्र म्हणाला.

"पहिले फीडर बंद करा."

"होतोय बंद. सांगितलंय मी."

"व्हवू द्या. मंग उठसू."

"उखर्डू, तमाशा करू नको. लोड पडतोय."

तेव्हा उखर्डू ओरडला. त्याने ठरवलेलं नव्हतं, मनात जुळवलेलंही नव्हतं. "त्या दिनबी आसंच सांगं व्हतं तुम्ही! अभिमन खाले गया तवयबी फीडर चालूच व्हता! तुम्ही उतारं त्याले! मी दोर धरी उभा व्हतू, मी एक सबद बोलनू नही!"

टोळीतले गडी घण हातात धरून उभे राहिले. गेल्या वर्षीचे चौघे तिथेच होते, त्यांना सगळं ठाऊकच होतं. त्यातल्या एकाने घण खाली ठेवला आणि उखर्डूशेजारी येऊन बसला. मग दुसरा बसला. अमृतने बेल्ट काढला.

हितेंद्रचा चेहरा उतरला. फोनवर तो खूप वेळ हळू आवाजात बोलत राहिला. शेवटी खालची घरघर थांबली. झडप लागली. मग अमृत बेल्ट घालून उतरला, काठ सुटला, तो बेल्टला लोंबकळला, त्यांनी त्याला वर ओढला. ढोपर खरचटलं होतं. खाली बसून तो खोकत राहिला, आणि मग त्याने पाणी मागितलं.

त्या दिवशी कुणी मेलं नाही, म्हणून त्या दिवसाची कुठे चौकशी झाली नाही. उखर्डूचा गेटपास मात्र शिफ्ट संपायच्या आत काढून घेतला. सोबत बसलेल्यांना समज देऊन कामावर ठेवलं. माणसं कमी होती.

आठवडाभरात दिपमालालाही उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती. तीच चालत उखर्डूच्या खोलीवर आली. तो आणि कोकिळा भांडी पोत्यात भरत होते.

"मी सांगं तवय खोटं बोलनात," ती म्हणाली. "तवय मी तुमना पाय धराना बाकी ठेवात. आते खरं बोलानं व्हतं तं माले इचारानं व्हतं ना, भाऊ! एक डाव इचारानं व्हतं!"

"अमृत खाले जाई ऱ्हायंता, पोरी."

"ठाऊक शे माले," ती म्हणाली. "तुम्ही चुकनात आसं मी म्हनतच नही." आणि ती रडायला लागली, अभिमन गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. कोकिळा तिला जवळ घ्यायला गेली, तिने कोकिळाचे हात बाजूला केले.

एका कामगार संघटनेच्या वकिलाने केस पुन्हा उघडण्यासाठी खटपट केली. उखर्डूने या वेळी खरं ते सांगितलं. आधीचा जबाब वेगळा का दिला, असं विचारलं तेव्हा त्याला नीट सांगता आलं नाही. पुढच्या तारखा पडत राहिल्या. हितेंद्र विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्या केंद्रावर गेल्याचं ऐकू आलं. अमृत बंकरवरच आहे.

उखर्डू रावेरला केळीचे ट्रक भरायला लागला. घड वाहायचे, खोकी रचायची. उन्हातलं काम, पण उघड्या हवेतलं. पहिले काही महिने खोकला आला की थुंकी काळी पडायची, मग हळूहळू पांढरी व्हायला लागली. कोकिळा म्हणते त्याला आता दोनदा विचारावं लागत नाही. ते काही खरं नाही, कान गेले ते गेलेच.

दिपमाला पुनमला घेऊन सासरी नानांकडे परतली. कापूस वेचायला जाते. पुनम शाळेत आहे, पण सुगीच्या दिवसांत तीही आईबरोबर शेतात दिसते.

गेल्या माघात उखर्डू गावी गेला. जावं की न जावं करत शेवटी नानांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. नाना बाजेवर बसून तुरीच्या काड्यांची झाडणी बांधत होते. त्यांनी वर बघितलं. हात थांबले. मग नाना बाजेवर थोडे सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हात आपटला.

"बस."

तो बसला. नानांनी झाडणीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, घट्ट धरायला. गाठ मारता मारता घराकडे तोंड करून हाक दिली, "पानी लई ये वं, पोरी. उखर्डू वना शे."

आत भांड्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने पुनम तांब्या घेऊन बाहेर आली. तिची आई दारापर्यंतसुद्धा आली नाही. पाणी पिऊन उखर्डूने तांब्या परत दिला आणि पुन्हा झाडणीचं टोक धरलं.